उत्तरपत्रिकेतील इंग्रजी : माध्यमिक शिक्षणावरील परीक्षेच्या अंमलाचा इतिहास

आपल्या देशातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास सांगताना मेकॉलेच्या १८३५ सालच्या टिपणापासून आरंभ करण्याचा प्रघात पडून गेला आहे. राज्यकर्त्यांच्या धोरणाचा विचार करावयाचा असेल तर हा प्रघात योग्यच होय. परंतु माध्यमिक शाळेच्या वर्गात इंग्रजी हा विषय प्रत्यक्षात कसा शिकविला गेला, मुलांनी काय वाचले, काय लिहिले, आणि पुष्कळ वर्षे तो विषय शिकूनही बहुसंख्य मुलांच्या हाती काय उरले, या प्रश्नांची उत्तरे त्या टिपणात सापडत नाहीत. त्यासाठी १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेकडे वळावे लागते.

परीक्षेने इंग्रजीचे अध्यापन बिघडविले, ही तक्रार फार जुनी आहे आणि आज ती फारशी वादग्रस्तही राहिलेली नाही. अधिक विचारणीय प्रश्न दोन आहेत. दीडशे वर्षे एकसारखी तक्रार होऊनही हा अंमल टिकला कशामुळे, हा पहिला. आणि त्याची किंमत प्रामुख्याने कोणी दिली, हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने या इतिहासाचे काही टप्पे येथे तपासावयाचे आहेत.

१

१८५७ पूर्वी आपल्याकडे इंग्रजी शाळा नव्हत्या असे नाही. कलकत्त्याचे हिंदू कॉलेज १८१७ सालचे. मुंबईची एल्फिन्स्टन संस्था त्यानंतरच्या दशकातली. या संस्थांत इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन शिक्षकाच्या व्यक्तिमत्त्वावर अवलंबून असे. हिंदू कॉलेजात डेरोझिओ शिकवीत होता तेव्हा वर्गातली चर्चा वर्गाबाहेरच्या वादसभांत चालू राही. पुढे त्याच संस्थेत कॅप्टन रिचर्डसनच्या शेक्सपिअरवाचनाचा लौकिक झाला. या शिक्षणाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ते मूठभर शहरी, सुस्थित कुटुंबांतील मुलांपुरते होते. तथापि त्या वर्गांत काय वाचावयाचे आणि कसे वाचावयाचे हे पुष्कळ अंशी शिकविणाराच ठरवीत असे, एवढे नोंदविले पाहिजे.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने हे चित्र पालटले. भारतात विद्यापीठे काढावीत आणि त्यांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना घ्यावा, असे त्यात ठरले. १८३६ च्या सनदेने स्थापन झालेले हे लंडन विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकलेल्यांची परीक्षा घेऊन पदव्या देणे हे त्याचे काम होते. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे याच धर्तीवर निघाली. शिकविण्याची जबाबदारी त्यांच्याकडे नव्हती; परीक्षा घेण्याची होती. त्यांच्या दारावरची पहिली परीक्षा म्हणजे प्रवेशपरीक्षा, अर्थात मॅट्रिक. कलकत्त्यास ती १८५७ सालीच झाली. मुंबईस १८५९ साली झाली आणि त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले.

यानंतरच्या अर्धशतकात जिल्ह्याजिल्ह्यांतून ज्या शेकडो माध्यमिक शाळा निघाल्या त्या या परीक्षेच्या छायेत निघाल्या. शाळेचा शेवटचा वर्ग मॅट्रिकचा, त्याच्या खालचा वर्ग मॅट्रिकच्या तयारीचा, आणि त्याच्या खालचा त्या तयारीच्या तयारीचा, अशी रचना वरून खाली उतरत गेली. माध्यमिक शिक्षणाचे स्वतंत्र प्रयोजन काय, हा प्रश्न विचारण्याचा प्रसंगच आला नाही; कारण त्याचे उत्तर विद्यापीठाने आपल्या नियमांत आधीच देऊन ठेवले होते.

या नियमांपैकी एकाचा परिणाम फार दूरगामी झाला. कलकत्ता विद्यापीठाच्या आरंभीच्या परीक्षांत इतिहास, भूगोल, गणित यांसारख्या विषयांची उत्तरे देशी भाषांतून लिहिण्याची मुभा होती. १८६१-६२ च्या सुमारास नियम बदलला आणि अन्यथा सांगितले नसेल तर सर्व उत्तरे इंग्रजीतच लिहावीत असे ठरले. वरवर पाहता हा परीक्षकांच्या सोयीचा बदल होता. पण त्यामुळे शाळेतील प्रत्येक विषय इंग्रजीतून शिकविणे भाग पडले. इतिहासाचा तास हाही इंग्रजीचाच तास झाला. आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याला इतिहासही येत नाही, असे उत्तरपत्रिकेवरून सिद्ध होऊ लागले. मुंबई विद्यापीठानेही त्याच दशकात आपल्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या. त्यांना परत आणण्यासाठी रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले, हे सर्वश्रुत आहे.

मोहनदास गांधी यांनी १८८७ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक दिली. पन्नास वर्षांनंतर, १९३८ साली, 'हरिजन'मधून त्यांनी या शिक्षणाचा हिशेब मांडला. भूमिती, बीजगणित, रसायन, ज्योतिष हे विषय इंग्रजीतून शिकण्यात आपली चार वर्षे गेली. गुजरातीतून ते एका वर्षात येऊ शकले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा हिशेब मॅट्रिक उत्तीर्ण होऊन पुढे विलायतेत बॅरिस्टर झालेल्या मनुष्याचा आहे. जे उत्तीर्ण झालेच नाहीत त्यांचा हिशेब कोणी मांडून ठेवला नाही.

२

परीक्षा इंग्रजीत काय विचारू शकत होती, याचा विचार केल्यावाचून वर्गातल्या अध्यापनाचा उलगडा होत नाही. परीक्षकासमोर शेकडो, पुढे हजारो उत्तरपत्रिका येत. लिहिणारा मुलगा त्याला अपरिचित, शाळा दूरची, वेळ थोडा. अशा स्थितीत ज्या प्रश्नाचे उत्तर बरोबर की चूक हे झटकन ठरविता येते आणि ज्यावर दोन परीक्षकांत मतभेद होण्याचा संभव कमी, तोच प्रश्न टिकून राहतो. वाक्यपृथक्करण, शब्दांची व्याकरणिक फोड, कर्तरीचे कर्मणी करणे, गाळलेल्या जागी शब्दयोगी अव्यय भरणे, कवितेच्या ओळींचे संदर्भासह स्पष्टीकरण, उताऱ्याचे गद्य रूपांतर, हे प्रकार प्रश्नपत्रिकेत स्थिर झाले ते या कारणाने. त्यांपैकी कोणताही प्रकार स्वतःपुरता निरुपयोगी नाही. परंतु एखादे नवे पुस्तक हाती घेऊन ते आपण होऊन वाचणे आणि परभाषेत आपला विचार बोलून दाखविणे, या दोन गोष्टी त्यांत बसत नव्हत्या. परभाषा शिकण्याची ही दोन मुख्य प्रयोजने परीक्षेच्या बाहेर राहिली, आणि परीक्षेच्या बाहेर राहिल्यामुळे वर्गाच्याही बाहेर गेली.

या गरजेतून जी पुस्तके निर्माण झाली ती शिक्षणाच्या इतिहासात फारशी उल्लेखिली जात नाहीत. वस्तुतः लेखकांच्या कोणत्याही पिढीवर शेक्सपिअर-वर्डस्वर्थइतकाच त्यांचाही संस्कार झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफील्डची व्याकरणे भारतभर पसरली. नेसफील्ड हा वायव्य प्रांताच्या शिक्षणखात्यातील अधिकारी होता. १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे हायस्कुलांसाठीचे व्याकरण आले. त्यांतला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेला, इंग्लंडात साहसकादंबऱ्यांचा लेखक म्हणून गाजलेला. ही व्याकरणे भारतातील शिक्षणाच्या अनुभवातून निघाली आणि भारतातील परीक्षांनी त्यांना दीर्घायुष्य दिले. मराठी घरांतून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग पिढ्यान् पिढ्या एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे गेले. या पाठमालेने मराठी मुलाला इंग्रजी वाक्याची घडण त्याच्या स्वतःच्या भाषेतून समजावून दिली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण नेमलेल्या पुस्तकावरची टिपणे, प्रश्नोत्तरे, पुढे 'गाईड' व 'अपेक्षित प्रश्नसंच' या नावांनी बाजारात आलेले वाङ्मय यांच्याविषयी तसे म्हणता येणार नाही. मूळ पुस्तक न वाचता त्यावरील उत्तर लिहिता यावे, हाच या वाङ्मयाचा उद्देश होता व आहे.

१९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने या रोगाचे निदान अचूक केले होते. मुले पुस्तकाऐवजी त्याच्या 'की' पाठ करतात हे पाहून प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजीचे पाठ्यपुस्तक नेमूच नये, अशी शिफारस आयोगाने केली. कलकत्ता विद्यापीठाने त्यानंतरच्या आपल्या नियमांत हा विचार बऱ्याच अंशी स्वीकारला आणि नेमलेल्या पुस्तकाऐवजी अपेक्षित इयत्ता दाखविणारी पुस्तकांची यादी पुढे ठेवली. तरीही टिपणांचा व्यापार थांबला नाही. पुस्तक गेले तेव्हा निबंधांचे संग्रह आणि वाक्प्रचारांच्या याद्या पाठ होऊ लागल्या. ज्या गुणांवर मुलाची नोकरी किंवा महाविद्यालयातला प्रवेश अवलंबून आहे ते गुण मिळविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग शोधणे हे मुलाचे व त्याच्या पालकांचे साहजिक वर्तन होते. १८४४ च्या हार्डिंजच्या ठरावाने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे जाहीर झाले होतेच. मॅट्रिकच्या दाखल्याने त्या प्राधान्याला एक निश्चित माप मिळवून दिले.

३

या अंमलावरचा एक नेमका आक्षेप मराठी समाजातून आला, ही गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यातील प्राथमिक शिक्षणाचा भाग नेहमी सांगितला जातो. त्याच निवेदनात त्यांनी सरकारी हायस्कुलांविषयीही लिहिले आहे. तेथील शिक्षण रोजच्या व्यवहाराच्या उपयोगाचे नाही, त्यातून केवळ कारकून व मास्तर तयार होतात, आणि मॅट्रिकची परीक्षा शिक्षकांचे व विद्यार्थ्यांचे लक्ष वाजवीपेक्षा फाजील व्यापून टाकते, असे त्यांचे म्हणणे होते. मॅट्रिक सुरू होऊन तेव्हा जेमतेम तेवीस वर्षे झाली होती.

परंतु याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे. मुंबई विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस खाजगी रीतीने अभ्यास करून बसण्याची मोकळीक ठेवली आहे, याबद्दल फुल्यांनी समाधान व्यक्त केले आणि हीच सवलत बी. ए., एम. ए. या परीक्षांनाही लागू करावी अशी मागणी केली. परीक्षेवर एवढी कठोर टीका करणारा विचारवंत परीक्षेचे दार अधिक उघडे करावयास सांगतो, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. शाळेत प्रवेश मिळणे हे जात, पैसा आणि गाव यांवर अवलंबून होते. परीक्षेच्या दालनात निदान बाकावर बसावयास मिळत होते. या दोन विधानांचा एकत्र विचार केला तरच परीक्षेचा अंमल का टिकला याचे उत्तर मिळते.

उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांक असतो. ज्या समाजात नाव उच्चारताच जात कळते, त्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे. १८७८ साली कलकत्ता विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा कादंबिनी बसू उत्तीर्ण झाल्या, तेव्हा स्त्रीच्या बुद्धीविषयी चाललेल्या वादाला प्रत्यक्ष उत्तर मिळाले. १९०७ साली भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. शाळेने त्यांना वागणूक कशीही दिली असली तरी तो दाखला कोणाला नाकारता आला नाही. म्हणून परीक्षा नष्ट करा, असे सुखवस्तू शिक्षणतज्ज्ञांनी सांगितले की वंचितांच्या मनात शंका उभी राहते, आणि ती शंका निराधार नाही. शिक्षकाच्या मर्जीवर दिलेल्या गुणांपेक्षा अनोळखी परीक्षकाने दिलेले गुण त्यांना अधिक सुरक्षित वाटतात.

दुसरे कारण पैशाचे होते. मुंबई व मद्रास इलाख्यांत खाजगी शाळांना अनुदान देताना 'निकालाप्रमाणे अनुदान' ही पद्धत दीर्घकाळ अवलंबिली गेली; किती मुले कोणत्या विषयात उत्तीर्ण होतात यावर शाळेची रक्कम ठरे. १८६२ च्या सुमारास इंग्लंडातील प्राथमिक शाळांना लावलेल्या नियमाचेच हे भावंड होते. शाळांच्या लौकिकाचेही माप तेच झाले. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले ते राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने. 'निबंधमाले'त इंग्रजी विद्येच्या परिणामांची कठोर चिकित्सा करणारा हा लेखक स्वतः सरकारी शाळेत मास्तर राहिलेला होता. तरीही नव्या शाळेची कीर्ती पसरली ती मॅट्रिकच्या निकालांनी आणि तिच्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या शिष्यवृत्त्यांनी. हंटरसाहेबांनी या शाळेची जी प्रशंसा केली ती सर्वांना ठाऊक आहे. संस्थापकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. सरकारी मदतीवाचून उभी राहणारी शाळा पालकांपुढे दुसरा कोणता पुरावा ठेवू शकत होती? ध्येय स्वदेशी होते, पण त्याच्या यशाचे माप विद्यापीठाच्या हाती होते.

हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या दोन शाखा सुचविल्या : एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यापार व व्यवहार यांची तयारी करणारी. दुसऱ्या शाखेकडे फारच थोडे विद्यार्थी वळले. जिच्या शेवटी मॅट्रिकचा दाखला नाही ती शाखा लोकांना अर्धवट वाटली.

४

विसाव्या शतकातील आयोगांची मालिका येथे सविस्तर देण्याचे कारण नाही. १९१७ ते १९१९ या काळात कलकत्ता विद्यापीठाची पाहणी करणाऱ्या सॅडलर आयोगाने माध्यमिक परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळांकडे द्याव्या, असे सुचविले. संयुक्त प्रांतात १९२१ साली असे मंडळ आले. मुंबई राज्यात विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन शालान्त परीक्षा सुरू झाली ती १९४९ साली. उत्तरांच्या भाषेतही बदल झाला. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले आणि इंग्रजी हा आवश्यक विषय ठेवला. कलकत्ता विद्यापीठाची मॅट्रिक १९४० पासून मातृभाषेतून देता येऊ लागली. रवींद्रनाथांनी 'शिक्षार हेरफेर' हा निबंध १८९२ साली लिहिला होता. परक्या भाषेतून, परीक्षेपुरते, आनंदावाचून होणाऱ्या वाचनाविषयी त्यांनी त्यात मांडलेल्या तक्रारीची दखल विद्यापीठाच्या नियमांत येण्यास जवळजवळ अर्धशतक लागले. या बदलामुळे इतिहास-भूगोल इंग्रजीच्या कचाट्यातून सुटले, ही फार मोठी मिळकत होय. इंग्रजी हा विषय मात्र होता तसाच राहिला.

या विषयाचा सर्वांत मूलगामी विचार डाक्क्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट याने केला. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या द्वैभाषिकतेवरील आपल्या ग्रंथात त्याने एक साधा प्रश्न विचारला. बंगालमधील बहुसंख्य मुले अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच शाळा सोडतात; ज्या दिवशी मूल शाळा सोडते त्या दिवशी त्याच्याजवळ वापरण्याजोगे किती इंग्रजी असते? विम्याचा करार मधेच सोडला तर हाती येणाऱ्या रकमेला जी संज्ञा आहे, तीच वेस्टने शिक्षणाला लावली. मराठीत तिला 'सोडमूल्य' म्हणता येईल. त्याला असे दिसले की, शेवटच्या परीक्षेकडे तोंड करून रचलेल्या अभ्यासक्रमात हे सोडमूल्य जवळजवळ शून्य असते. कारण त्याची फळे शेवटच्या वर्षी पदरात पडावयाची असतात. त्याचा उपाय असा की, मोजक्या शब्दसंख्येची सोपी पुस्तके देऊन मुलाला प्रथम वाचावयास शिकवावे, म्हणजे तो केव्हाही गेला तरी काहीतरी घेऊन जाईल.

वेस्टच्या वाचनमाला पुष्कळ देशांत गेल्या. त्याचा प्रश्न मात्र आपल्या परीक्षामंडळांनी कधी आपला मानला नाही. अनुत्तीर्ण मुलांची संख्या हे परीक्षेचे वैभव मानण्याची वृत्ती आपल्यात मुरली होती. १९२९ च्या हारटोग समितीने मॅट्रिकमधील नापासांचे प्रमाण हा राष्ट्रीय अपव्यय आहे असे दाखवून दिले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही परीक्षेच्या वर्चस्वाविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर अलाहाबाद येथे १९५६ मध्ये आणि हैदराबाद येथे १९५८ मध्ये इंग्रजीच्या अध्यापनासाठी खास संस्था निघाल्या. वाक्यरचनांच्या क्रमबद्ध सरावावर आधारलेली नवी पद्धत शिक्षकांना शिकविली गेली, पुस्तके बदलली. १९५८ मध्येच अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या सल्ल्याने केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला आणि प्रश्नपत्रिकांचे आराखडे अधिक शास्त्रशुद्ध झाले. तरीही खेड्यातील वर्गात दिसणारे दृश्य पूर्वीचेच राहिले. शिक्षक धड्यातील वाक्य वाचतो, त्याचा मातृभाषेत अर्थ सांगतो, प्रश्नाखाली उत्तर लिहून देतो. मुले ते उतरवून घेतात.

याचा राजकीय स्फोट १९६७ साली बिहारमध्ये झाला. शिक्षणमंत्री कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. ज्या एका विषयामुळे ग्रामीण व मागास जातींतील मुले वर्षानुवर्षे अडकून पडत होती तो अडसर दूर करणे हा हेतू होता. इंग्रजीशिवाय उत्तीर्ण झालेल्यांना शहरी समाजाने 'कर्पूरी डिव्हिजन' असे कुत्सित नाव दिले. या नावात आपल्या परीक्षेच्या इतिहासाचे सार आले आहे. सक्ती असताना या मुलांना इंग्रजी आले नव्हते, सक्ती गेल्यावरही ते आले नाही. दोन्ही वेळा त्यांना हिणविण्यासाठी मात्र इंग्रजी उपयोगी पडले. परीक्षा काढून टाकण्याने अन्याय थोडा कमी झाला असेल, शिक्षण वाढले असे म्हणता येत नाही.

५

अध्यापनाची पद्धत बदलून परीक्षा तशीच ठेवली तर काय होते, हे एन. एस. प्रभू यांच्या बंगलोर प्रकल्पात दिसते. १९७९ ते १९८४ या काळात कर्नाटक व तामिळनाडूतील काही सामान्य शाळांतून मुलांना व्याकरण न शिकविता वेळापत्रके, नकाशे, छोटी कोडी यांसारखी कामे इंग्रजीतून सोडविण्यास दिली गेली. अर्थाकडे लक्ष लागले की भाषा आपोआप बसत जाते, हे त्यामागील गृहीतक. जगभरच्या भाषाशिक्षणशास्त्रात या प्रयोगाची नोंद झाली. आपल्या शाळाखात्यांत मात्र तो रुजला नाही. शेवटी येणारी सार्वजनिक परीक्षा अशा कामांविषयी काही विचारीत नव्हती.

उलट परीक्षाच बदलली तर? शेजारच्या श्रीलंकेत १९८८ साली इंग्रजीची नवी शालान्त परीक्षा नव्या पुस्तकांना अनुरूप अशी तयार करण्यात आली. तिचा अभ्यास करून अल्डरसन व वॉल यांनी १९९३ मध्ये जे निष्कर्ष मांडले ते या विषयातील बोधप्रद निष्कर्षांपैकी होत. परीक्षेने शिक्षक 'काय' शिकवितात ते बदलले, 'कसे' शिकवितात ते फारसे बदलले नाही. वाचनाचे प्रश्न येतात म्हणून वाचनाचे उतारे वर्गात आले. पण शिक्षकाने उतारा वाचून अर्थ सांगावा ही रीत कायम राहिली. कारण दुसरी रीत त्याला कोणी दाखविली नव्हती, आणि त्याचे स्वतःचे इंग्रजीही त्याच परीक्षेतून घडलेले होते. आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक मंडळाने १९९०च्या दशकात नववी-दहावीसाठी संवादप्रधान अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका एकत्र आणल्या, अपठित उताऱ्यांना महत्त्व दिले. २०१२-१३ पासून बोलणे व ऐकणे यांची चाचणी ठेवली. ती थोड्याच वर्षांत मागे घेतली गेली.

महाराष्ट्रातील अलीकडचा अनुभव याहून बोलका आहे. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. शालान्त परीक्षेत भाषांसाठी वीस गुण शाळेकडे असत. २०१८-१९ मध्ये ते बंद झाले. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला निकाल मार्च २०१९ च्या परीक्षेत ७७.१० टक्क्यांवर आला. पालकांत व संस्थांत खळबळ उडाली. वीस गुण पुन्हा देण्यात आले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउताराला हे एकच कारण नव्हते. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० साली टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली होती. परंतु त्या सबंध चर्चेत एक प्रश्न जवळजवळ ऐकू आला नाही : ज्या तोंडी परीक्षेचे गुण देण्याघेण्यावरून एवढा वाद झाला, त्या परीक्षेत मुले इंग्रजी, किंवा मराठीसुद्धा, बोलत होती काय? फुल्यांना १८८२ मध्ये जे दिसले होते ते हेच. परीक्षा लक्ष व्यापून टाकते. एवढे व्यापते की ती ज्याची परीक्षा आहे ती वस्तूच नजरेआड होते.

६

हा विषय केवळ शिक्षणखात्याचा नाही. ज्या वाचनपद्धतीचे वर्णन वर केले तिच्यातूनच आपला वाङ्मयाचा वाचक आणि पुष्कळ अंशी आपला समीक्षकही घडला आहे. कवितेच्या ओळी समोर येताच कवी कोण, प्रसंग कोणता, अलंकार कोणता, तात्पर्य काय, असे चार कप्पे मनात तयार होतात; ही सवय मॅट्रिकच्या संदर्भासह स्पष्टीकरणाने लावली. मराठी, बंगाली, तमिळ यांना परीक्षेत स्थान मिळाले तेव्हा त्यांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेच्या नमुन्यावर निघाल्या आणि हेच कप्पे मातृभाषेच्या वाङ्मयालाही लागले. या घडणीतून जे सुटले त्यांतील अनेकांनी वाचन परीक्षेबाहेर केले. आर. के. नारायण यांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत अपयश आले आणि त्यानंतरचे वर्ष त्यांनी घरी मनसोक्त वाचण्यात-लिहिण्यात घालविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या घरी वाचण्यास पुस्तके होती. ज्याच्या घरी नाहीत त्याला अपयशाचे वर्ष फक्त अपयशाचेच राहते.

येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. परीक्षेची किंमत सर्वांनी सारखी दिलेली नाही. ज्याच्या घरात इंग्रजी वृत्तपत्र येते, ज्याला शिकवणी किंवा क्लास परवडतो, त्याला शाळेने वाचावयास न शिकविल्याने फारसे बिघडत नाही. तो भाषा घरी शिकतो आणि शाळेत गुण मिळवितो. ज्याच्या घरातील तो पहिलाच शिकणारा आहे त्याला भाषा मिळण्याची जागा वर्गाशिवाय दुसरी नाही, आणि वर्गात त्याला तयार उत्तरे मिळतात. परीक्षेपुरता हे दोघे समोरासमोर येतात. उत्तरपत्रिकेवर दोघांचेही क्रमांकच असतात. क्रमांकाने आरंभी जे न्याय्य काम केले ते खरे होते. पण दोन मुलांना जे मिळाले ते इतके असमान असताना केवळ क्रमांकाची समानता फार काळ न्याय देऊ शकत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालान्त परीक्षांचा ताण कमी करण्याचे व घोकंपट्टीऐवजी मूलभूत क्षमता तपासण्याचे आश्वासन दिले आहे. अशी आश्वासने पूर्वीही दिली गेली. त्यांचे मूल्यमापन करण्यास मायकेल वेस्टची कसोटी पुरेशी आहे. कोणत्याही इयत्तेत शाळा सोडून जाणाऱ्या मुलाच्या हाती एक साधे, पूर्वी न पाहिलेले इंग्रजी पुस्तक द्यावे. ते त्याला वाचता येते की नाही हे पाहावे. ज्या प्रश्नपत्रिकेत हे पाहिले जाते ती परीक्षा ठेवण्यास हरकत नाही, कारण तिची तयारी म्हणजे वाचन करणे हीच होय. हे साधण्यासाठी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके लागतील, ती मोकळेपणाने हाताळू देणारा शिक्षक लागेल, आणि त्या शिक्षकाच्या प्रशिक्षणात वाचनाला स्थान लागेल. प्रश्नपत्रिका सुधारण्यापेक्षा या तिन्ही गोष्टींना अधिक खर्च येतो. बहुधा म्हणूनच आपण दीडशे वर्षे प्रश्नपत्रिका सुधारीत आलो आहो.